रुमालाखालचा भाव

पिंपळी, ता. बारामती
१२ फेब्रुवारी १९९३

इंद्रजित,

तुझ्या पत्राला वर 'प्रिय' नाही आणि खाली 'तुझा' नाही, म्हणून मीही घालत नाही. फिट्टंफाट झाली.

पत्र आबांना वाचून दाखव, असं तूच लिहिलंस. या घरात वाचता येणारी मी एकटी. म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार मीच मोठ्या आवाजात वाचायची. वाचली, एक शब्दही गाळला नाही. 'आक्काने भर बाजारात परक्या माणसाचा हात धरला' हे आबांना नीट ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा वाचलं. आबांनी विचारलं, "कुनाचा हात?" मी म्हणाले, "दत्तोबातात्यांचा." आबा म्हणाले, "मग? कितीला जमलं?"

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, धरला. दर गुरुवारी धरते.

तू सैन्यात गेलास, तिकडं बर्फात राहतोस, म्हणून विसरला असशील, तर आठवण करून देते. दत्तोबातात्या म्हणजे आबांच्या बरोबरीनं मेंढरांच्या बाजारात दलाली करणारे. कालव्याचं पाणी आलं, चराईच्या रानात ऊस उभा राहिला, आपली मेंढरं गेली तशी त्यांचीही गेली. आता बारामतीत त्यांचं रद्दीचं दुकान आहे. धंदा बदलला, पण हात तोच राहिला. मला एखादं पुस्तक हवं असलं की ते खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकतात आणि खाली बोटं चालतात. एक बोट धरलं की एक रुपया, पंजा धरला की पाच. आसपास मास्तर लोक, कॉलेजची पोरं उभी असतात. त्यांना माझा भाव कळला तर सगळेच तोच मागतील, म्हणून हा रुमाल. यात चोरून काही नाही. आबांच्या मांडीवर बसून मी हीच बोटं शिकले. तूही बसायचास, पण तुला मेंढरांचा वास सहन व्हायचा नाही आणि तू भोकाड पसरायचास.

आता वडगाव निंबाळकरच्या आप्पांनी हे पाहिलं. तुझ्या होणाऱ्या बायकोचे, उत्कर्षाचे, ते चुलते. पाहिलं ते पाहिलं, भवानीनगरला जाऊन आपल्या फुलाबाई आत्याला सांगितलं. आत्यानं तुला कळवलं. आप्पांच्या बापानंही मेंढरंच राखली होती, रुमालाखाली काय चालतं ते त्यांना नक्की ठाऊक आहे. पण दारात ट्रॅक्टर आला की माणसाला घोंगडीची आठवण नको होते. आणि बाईमाणसानं तो हात टाकावा, तोही पुस्तकासाठी, हे त्यांना पचलं नाही. मेंढरासाठी टाकला असता तर निदान कामाचं म्हणाले असते.

तुझा दुसरा मुद्दा, की तुझी सुपारी फुटेपर्यंत मी बारामतीला जाऊ नये. तुझं लग्न जमावं असं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. पोरगी मी पाहिलीय, तुला शोभेल अशी आहे. पण आठवडाभर मी गावातल्या बायांच्या ब्लाउजांना हुकं लावते. गुरुवारची दुपार तेवढी माझी असते, ती मी कुणाला देणार नाही.

आक्का
(ही सही आहे, माफी नाही.)


पिंपळी
५ मार्च १९९३

इंद्रजित,

तुझं उत्तर नाही. म्हणजे मला मोकळं रान.

सगळे विचारतात, काय मिळतं तुला त्या रद्दीत? तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुला वाटतं मी पुस्तकं विकत घ्यायला जाते. विकत घ्यायला कुणीही जाईल. नवी पुस्तकं काचेत उभी असतात, पैसे टाका, घेऊन जा, त्यात कसली मजा? मी शोधायला जाते.

तात्यांच्या दुकानात पुढं पेपर, डबे, बाटल्या. मागं पोती. खरा माल पोत्यात. पुस्तकं कधी येतील त्याचे हंगाम आता मला पाठ झालेत. परीक्षा झाल्या की गाईडं, बदल्या झाल्या की कादंबऱ्या. एखादे जुने मास्तर वारले आणि पुण्याची मुलं कपाट रिकामं करायला आली, की मग सोनंच. पोतं उलटं केलं की धूळ उडते, नाकाला पदर लावायचा, खाली बसायचं आणि एकेक बाजूला करत जायचं. इतिहासाचं, नको. शेअर बाजाराचं, नको. मग मुखपृष्ठ गेलेलं, नाव नाही, गाव नाही असं एखादं हाताला लागतं. मधलंच पान उघडायचं. दोन ओळी वाचल्या आणि तिसरी वाचावीशी वाटली, की समजायचं. त्या वेळी छातीत जे होतं ते मला सांगता येत नाही. कुणीतरी माझ्यासाठीच ते तिथं ठेवलं होतं असं वाटतं.

पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही. आबांची शिकवण आहे, "जिच्यावर जीव बसला त्या मेंढीकडं बघायचंच न्हाय. शेजारचीचे दात मोजायचे." म्हणून मी हवं ते पुस्तक पायाशी सरकवते आणि नको असलेलं लोणच्या-मुरंब्याचं पुस्तक उचलून तक्रारी सुरू करते. पानं पिवळी आहेत, तेलाचे डाग आहेत, शिवण उसवलीय. तात्या ऐकून घेतात. मग म्हणतात, "सारजा, पायाखालचं काढ आता. तुझा बाप बी असाच करायचा." आणि रुमाल पसरतात.

काल काय मिळालं ते ऐक. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांचं पुस्तक. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं, मराठीत, पण छापलंय रशियात. तो देश मोडला म्हणतात. घर मोडलं की भांडी बाजारात येतात, तशी ही पुस्तकं आता पोत्यांतून येताहेत. त्यात एक मासा आहे, त्याच्या डोक्यावरच दिवा असतो. तिथं खाली ऊन पोचत नाही, म्हणून आपला उजेड तो आपणच घेऊन फिरतो. आबांना चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "केवढ्याला दिलं?" मी सांगितलं. "एक बोट जास्त दिलंस," म्हणाले आणि पुन्हा चित्र पाहायला मागितलं.

वर एक अर्धी कादंबरी फुकट मिळाली. अर्धी म्हणजे खरंच अर्धी, शिवणीतून दोन तुकडे केलेली. इंदापूरचा एक भेळवाला तात्यांकडून कागद नेतो. त्याला जाड पुस्तक हाताळायला जमत नाही, म्हणून तात्या ते फाडून देतात. पुढचा अर्धा इथं राहिला, मागचा अर्धा इंदापूरला गेला. मी तात्यांशी भांडले. ते म्हणाले, "मला काय ठावं त्यात काय हाय. वजन बरोबर भरलं म्हंजी झालं."

माझा अर्धा वाचून झालाय. एक बाई दार उघडून उंबऱ्यात उभी आहे आणि पान संपलं. आता ती आत जाते की बाहेर, हे मला कळायलाच हवं. म्हणून मी इंदापूरला जाणार आहे.

हो, इंदापूरलाच. माझ्या सासरच्या गावाला. तिथून परत आल्यापासून मी त्या वाटेला गेले नाही, हे तुला माहीत आहे. आता जाईन.

आक्का


पिंपळी
२९ मार्च १९९३

इंद्रजित,

पाडव्याला तुझं पत्र मिळालं. सणाच्या दिवशी तीन हुकूम, तेही क्रमांक घालून. तुमच्या साहेबांची सवय तुला चांगली लागलीय. मीही क्रमानंच उत्तर देते.

माझी खोली तुम्हा नवराबायकोसाठी रिकामी करायची. केली. तू न सांगताच करणार होते. चुना मी स्वतः लावला, पलंगाची फळी सुताराकडून ठोकून घेतली. शिवणयंत्र पडवीत आणलं, तिथं उजेडही बरा आहे. यात मला कसलाही त्रास नाही.

पुस्तकं दत्तोबातात्यांना वजनावर परत घालायची. नाही. ती मेंढरांच्या जुन्या छपरात फळ्यांवर रचलीत. तिथं ती तुमच्या कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत.

लग्न पार पडेपर्यंत मी भवानीनगरला आत्याकडं जाऊन राहायचं, म्हणजे वडगावच्या पाहुण्यांना मी दिसायला नको. नाही. इंद्रजित, तुझ्या लग्नात मी करवली आहे. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, तुला कडेवर घेऊन मी पाण्याला जायची. तुझ्या लग्नात मला लपवायची वेळ तुझ्यावर आली असेल, तर ती माझी लाज नाही.

आता इंदापूरचं सांगते, आणि त्यासोबत आणखी एक, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी गेले. भेळवाला सापडला. मागचा अर्धा त्याच्या गाडीवर दगडाखाली दाबलेला होता, पण तो शेवटाकडून पानं फाडत आलेला. मी म्हणाले, "उरलेलं मला द्या." तो म्हणाला, "मग मी भेळ कशात देऊ?" मी पिशवीतून आपला जुना पेपर काढून दिला. त्यानं पेपर पाहिला, पुस्तक पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्यात काय घावलं हाय का? नोटा बिटा?" मी हसले. तरी तो पानं सोडेना, तेव्हा त्याच्याकडून भेळही घेतली. शेवटची बरीच पानं गेली ती गेलीच. शेवट इंदापूरकरांनी चिंचेच्या पाण्याबरोबर खाल्ला. पण ती बाई उंबरा ओलांडून बाहेर पडली, तेवढं पान शाबूत होतं. पुढचं मी मशीन चालवताना माझ्या मनानं रचते. दर वेळी वेगळं होतं.

ती पानं हातात घेऊन वळले, तर समोर सासूबाई. कांदे निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या पानांकडं.

"अजून त्येच का?" म्हणाल्या.

"व्हय. त्येच," मी म्हणाले. "तुमचा बंब कसा हाय? पेटतोय का येवस्थित?"

त्या उठल्या. कांदे तिथंच टाकून गेल्या. शेजारच्या बायांना काही कळलं नाही. तुलाही कळणार नाही, म्हणून सांगते.

मी सासरहून परत आले तेव्हा तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, की तिथलं पाणी मानवलं नाही, तब्येत सारखी बिघडायची. ते खोटं होतं. माझी तब्येत ठणठणीत होती. लग्नात मी ट्रंकेत तळाशी माझी पुस्तकं नेली होती. वाचते हे त्यांना आवडेना. आधी टोमणे झाले, मग दिवा विझवणं झालं. मग एक दिवस सकाळी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला सासूबाईंनी एक पुस्तक घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, मग रोजच एक. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो त्याच पाण्यानं अंघोळ करून आला आणि म्हणाला, "आज पानी झ्याक तापलंय." त्याला माहीत होतं. पाणी कशानं तापलंय ते माहीत असून तो हे म्हणाला. मी तेव्हाच ट्रंक उचलली. ती इतकी हलकी झाली होती की एका हातानं आली.

ते घर कसं आहे, ते लग्नाआधी आबांना कुणी सांगितलं नाही. आबांनीही विचारलं नाही. जमीन पाहिली, विहीर पाहिली. घरात बाईला काय खपतं आणि काय खपत नाही, हे कोण विचारतं?

म्हणून म्हणते, माझी पुस्तकं वजनावर घालायची भाषा पुन्हा करू नकोस. ती एकदा कुणीतरी करून बघितलीय.

आक्का


पिंपळी
१८ एप्रिल १९९३

इंद्रजित,

आज वडगावचे पाहुणे येऊन गेले. आत्या तुला तिच्या परीनं कळवेलच. त्याआधी माझं वाच.

आत्या आदल्या दिवशीच आली. छपरात गेली, पुस्तकं पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगं, हे ढीग बघून पोरगी कोन देईल?" म्हणाली आणि आपल्या जुन्या घोंगड्या काढून सगळं झाकून टाकलं. मला म्हणाली, "तू चुलीपुढनं हलू नगंस." पोहे केले, चहा केला, हलले नाही.

आप्पा आले जीपनं. बरोबर उत्कर्षाची आजी, कौसल्याआजी. वय झालंय, पण पाठ ताठ आहे. आप्पा आबांबरोबर बैठकीत बसले. आजी म्हणाल्या, "मला घर बघू द्या," आणि थेट मागं छपराकडं निघाल्या. आत्या आडवी व्हायच्या आत त्या घोंगडीवर बसल्यासुद्धा. बसल्या आणि इकडंतिकडं सरकल्या. खालचे कोपरे टोचत होते. त्यांनी घोंगडीची कड उचलली, वाकून पाहिलं.

"ही मेंढरं कुनाची?" त्यांनी विचारलं.

मी चुलीपुढून उठून आले. "माझी, आजी."

"तूच का ती बाजारात हात टाकनारी?"

"व्हय."

"ये हिकडं. हात आन."

त्यांनी स्वतःचा पदर काढून आमच्या हातांवर टाकला. एक पुस्तक समोर ठेवलं आणि खालून माझी तीन बोटं दाबली. मी एक सोडवून घेतलं. त्यांनी पुन्हा तीन धरली, मी त्यांच्या तळव्यावर नख ओढलं, म्हणजे अर्धं धरा. त्या हसायला लागल्या. दात नाहीत, पण हसू भरपूर आहे. "माझा बा असाच नख वढायचा गं," म्हणाल्या आणि बैठकीकडं तोंड करून हाक मारली, "आप्पा, हितं नुसता बाजार हाय. दुसरं कायबी न्हाय. उगंच पोरीचं नाव घिऊ नगंस."

आत्यानं देवाला हात जोडले. आबा उठून तंबाखू मळायला लागले. मला वाटलं, झालं, जमलं. खरंच सांगते, इतकं हलकं वाटलं की पोहे पुन्हा वाढायला घेतले.

तेवढ्यात आप्पा मागं आले. त्यांनाही मन मोठं करायचं होतं. म्हणाले, "आन तसं बी काळजीचं कारन न्हाय. इंद्रजितरावांनी परवा बूथवर फोन केलावता मला. म्हनले, बहिनीला आत्याकडं धाडतो, ही समदी रद्दी इकून टाकतो, तुमची पोरगी यायच्या आत घर साफ करतो."

तू हे बोललास. माझं पाडव्याचं उत्तर तुझ्या हातात पडल्यावर बोललास. बंबाची गोष्ट वाचल्यावर बोललास.

आजींनी माझा हात अजून सोडला नव्हता. त्यांनी आप्पांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"आमची उत्कर्षा बारावी झालीया," त्या म्हणाल्या. "पुस्तक हातात असलं की हाक ऐकू जात न्हाय तिला. आमी कायम बोलतो, पन मारत न्हाय. हितं खपंल का तिचं?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. आत्या त्यांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी खुणावत होती. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. मला तुझा चेहरा आठवला, परीक्षेत पास झाल्यावर पळत आलेला. मला तुझा राग आला होता, पण त्या वेळी रागानं नाही बोलले, हे तू मान किंवा मानू नकोस.

"मी हितं असंपातूर खपंल," मी म्हणाले.

"आन तू नसलीस तर?"

मी काही बोलले नाही.

आजी उठल्या. पदर डोक्यावर घेतला. मला म्हणाल्या, "येते बाई," आणि जाऊन जीपमध्ये बसल्या. आप्पांना कळेना काय बिघडलं. चहा तसाच राहिला.

त्यानंतर आत्या मला जे बोलली ते मी लिहीत नाही. सख्ख्या भावाचा संसार उभा राहायच्या आत मोडलास, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.  मग आत्या आबांवर धावून गेली, "तू तरी बोल की!" तेव्हा ते म्हणाले, "बाजारात इकनाऱ्यानं आपनहून खोड सांगू न्हाय. पन गिऱ्हाइकानं इचारली तर लपवू बी न्हाय." एवढं बोलून ते रानात निघून गेले.

तुला मेंढरू म्हटलं म्हणून रागावू नकोस. त्यांना दुसरं बोलणं येत नाही.

आक्का


पिंपळी
३० एप्रिल १९९३

इंद्रजित,

वडगावहून निरोप आला. नाही म्हणाले.

आप्पा स्वतः आले होते. चांगलं स्थळ हातचं गेलं म्हणून चिडलेले होते, आणि चिडले होते ते माझ्यावर नाही, पुतणीवर. म्हणाले, "आमी सगळ्यांनी समजावलं. पोरगा फौजेत हाय, घर माहितीतलं हाय. तर पोरगी म्हनती कशी, ज्या घरात सख्ख्या बहिनीला जागा न्हाय, तितं मला किती दिवस ठिवत्याल?" आजीनं घरी जाऊन जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं म्हणे. वर घातलं नाही, खाली पाडलं नाही. मग पोरीलाच विचारलं, आणि ती बोलली.

काल बारामतीला गेले होते. स्टँडवर गावातल्या दोन बायका भेटल्या. एक दुसरीला म्हणाली, "हीच ती." मी थांबले आणि म्हणाले, "व्हय, मीच ती." भावाचं लग्न मोडणारी बहीण म्हणून आता माझी ओळख झाली आहे. ब्लाउज शिवायला येणारी गिऱ्हाइकंही कमी झालीत. येतील पुन्हा, अंग झाकायला बायांना ब्लाउज लागतातच.

पण तू तसं समजू नकोस. तुझं लग्न माझ्या हातानं मोडलं नाही, माझ्या पुस्तकांनी तर नाहीच. तो रुमालाचा वाद आजींनी पदर टाकून मिटवला होता. सगळं जमलं होतं, पोहे दुसऱ्यांदा वाढले होते. मोडलं ते तुझ्या फोननं. तू त्यांना खूश करायला माझी जागा देऊ केलीस, आणि त्या पोरीनं विचार केला, की आज बहिणीची दिली, उद्या माझी कुणाला देईल.

आणि मी गप्प राहिले, हे खरं. हजारदा विचार केला त्याचा. तुझ्यासाठी मी खूप खोटं बोललेय. शाळेत, आबांशी, सावकाराच्या पोराला दगड मारलास तेव्हा पोलीसपाटलाशीसुद्धा. हेही बोलले असते. पण समोर ती म्हातारी नातीसाठी विचारत होती. माझ्या वेळी असं कुणी विचारायला गेलं असतं, आणि त्या घरातली एखादी बाई अशीच गप्प राहिली असती, तर माझी ट्रंक भरलेली राहिली असती. ती बाई मला मिळाली नाही. उत्कर्षाला मिळाली. त्याचं मला वाईट वाटत नाही, आणि वाटतंय असं तुला बरं वाटावं म्हणून लिहिणारही नाही.

वाईट वाटतं ते तुझं. आप्पा गेल्यावर मी तुझ्या चुना लावलेल्या खोलीत जाऊन बसले आणि पुष्कळ रडले. तू तिकडं एकटा हे वाचशील, जवळ पाणी विचारायलाही कुणी नसेल, हे डोळ्यांपुढून हलत नाही. तू वाईट नाहीस. लोकांना घाबरतोस. बंदूक हातात असलेला माणूस आप्पांना घाबरतो, याला काय म्हणावं?

मेमध्ये तुझी रजा आहे. आत्या म्हणते, तोंड दाखवायला जागा राहिली नाही, पोरगा येणारच नाही. आबांनी मात्र तुझ्यासाठी कोंबडा राखून ठेवलाय आणि मी त्याला दाणे टाकतेय. दुसरं स्थळ बघू. त्यांच्याकडं फोन करायचा झाला तर आधी मला विचार, काय बोलायचं ते मी सांगेन.

खोली तुझी आहे, पलंग घातलाय, खिडकीला पडदा मी शिवलाय. छपरात पुस्तकं आहेत, पडवीत मी आहे. दोन्ही इथंच राहणार.

ये. पण मला 'जा' म्हणायला येऊ नकोस.

तुझी
आक्का